मळका पांढरा

कोंबडीला कान असतात हे शंभरातल्या नव्वद माणसांना माहीत नसतं, आणि उरलेल्या दहांपैकी नवांना त्याचं काही पडलेलं नसतं. जे एक माणूस उरतं ते म्हणजे आजऱ्याच्या मालनआक्का पोवार. सिल्की कोंबडीच्या डोळ्याखाली, गालाच्या मागं नखाएवढी कानाची पाळी असते. जात अस्सल असली तर ती पाळी निळी, मोरपिसातल्या निळ्यासारखी. गेली दोन वर्षं मालनआक्का ज्याला त्याला सांगत होत्या की हल्ली कोंबड्यांच्या पाळ्यांचा रंगच उडालाय. खाद्य बदला म्हणाल्या, पाण्यात क्षार वाढलाय म्हणाल्या, एकदा तर सगळं खापर ढगाळ हवेवर फोडलं. लोक बिचारे खाद्य बदलत राहिले.

उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला चार दिवस झाले होते. शुक्रवारी सकाळी मालनआक्का काळा चष्मा कपाळावर सारून परसात गेल्या. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून बजावलं होतं, पण ऐकतील त्या मालनआक्का कसल्या. खुराड्याच्या कोपऱ्यात साळू नावाची त्यांची म्हातारी पांढरी कोंबडी खुडूक बसली होती, पोटाखाली दोन लिंबं घेऊन. घरी अंडी उबवायला सरकारी बंदी आल्यापासून साळू जे गोल दिसेल त्यावर जाऊन बसायची. मालनआक्का दाणे टाकायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

साळूच्या कानाची पाळी निळीशार होती.

त्यांनी हातानं उजवा डोळा झाकला आणि डाव्यानं पाहिलं. पाळी मातकट हिरवी. डावा झाकला तर पुन्हा निळी. असं पाच-सहा वेळा करून झालं. खुराड्याच्या दाराला टेकून त्या खाली बसल्या.

यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. बाईला चांगलं दिसायला लागलं, तर पेढे वाटावेत. पण त्या डोळ्यांवर पाच जिल्ह्यांतल्या कोंबड्यांचं जगणं-मरणं ठरत होतं, आणि ते कसं हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

सिल्कीच्या पिसांना एकमेकांत अडकणारे आकडे नसतात, म्हणून पीस केसासारखं मोकळं राहतं. कातडी काळी, हाडंसुद्धा काळी, पायाला चाराऐवजी पाच बोटं, तुरा तुतीच्या फळासारखा गाठीगाठींचा. एवढं कोणालाही मोजता येतं. रंगाचं तसं नाही. ‘निळा’ म्हणतात तो शाळेतल्या दगडी पाटीचा रंग. हा निळा आई आणि बाप दोघांकडून उतरला की पिल्लू निळं राहत नाही, स्प्लॅश होतं, म्हणजे पांढुरक्या अंगावर शाई झटकल्यासारखे डाग. सगळ्यांत नाजूक लव्हेंडर. फिकट रुपेरी, त्यात जांभळट निळ्याची झाक, अंगभर एकसारखी. तो दोन्हीकडून मिळाला तरच दिसतो, एकीकडूनच आला तर पिढ्यान्‌पिढ्या आत दडून बसतो. लव्हेंडर कुठला आणि मळका पांढरा कुठला हे सांगणारी माणसं फार थोडी. मळका पांढरा हा दोष, ते पिल्लू बाद. मालनआक्का पिल्लू तळहातावर उलटं धरायच्या, मानेखाली हलकी फुंकर मारायच्या आणि मुळाशी जो रंग दिसेल तो सांगून टाकायच्या. उन्हानं वरचं पीस करपतं, मूळ करपत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी रंग सांगितला की पुढं कोणी बोलत नसे.

मग पक्ष्यांच्या तापाची मोठी साथ येऊन गेली आणि घरोघरचं उबवणं बंद झालं. तालुक्याला एक उबवण केंद्र, सगळ्यांची अंडी तिथं. जागा मोजकी, तेव्हा दोषी पिल्लू बाहेर येण्याआधीच ओळखावं असं ठरलं, आणि ओळखणारं यंत्र बनवलं मालनआक्कांच्या मुलीनं, सानिकानं. ती कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत होती. चौदाव्या दिवशी अंड्यातल्या पिल्लाच्या अंगावर लव आलेली असते, आणि लवेत रंगाचे बारीक कण असतात. यंत्र कवचातून प्रकाश सोडतं. कणांवर आपटून कोणत्या लहरी किती परत आल्या याचे आकडे मिळतात. पण यंत्राला आकडेच कळतात. या आकड्यांना निळा म्हणायचं आणि त्या आकड्यांना बफ, म्हणजे गव्हाळ पिवळा, हे कोणीतरी शिकवावं लागतं. ते मालनआक्कांनी शिकवलं. दोन वर्षं रोज दिव्याखाली बसून त्यांनी अकरा हजार पिल्लांवर फुंकर मारली, आणि प्रत्येक पिल्लाचे अंड्यातले आकडे सानिकानं आईच्या शब्दाशी जोडत नेले. यंत्राचं नावच तिनं ‘नजर’ ठेवलं. शिकता शिकताच ते पाच जिल्ह्यांतल्या केंद्रांवर कामालाही लागलं.

मोतीबिंदूचं असं असतं की डोळ्यातलं भिंग वयानं पिवळं पडत जातं, आणि पिवळं भिंग निळा उजेड आत येऊ देत नाही. हे इतकं सावकाश होतं की मेंदू सांभाळून घेतो आणि माणसाला पत्ताच लागत नाही. डॉक्टरांनी हे ऑपरेशनच्या आधी समजावलं होतं. मालनआक्कांनी मान डोलावून सोडून दिलं होतं. आता खुराड्याला टेकून बसल्यावर त्यांना ते शब्दाशब्दानं आठवलं. पाळ्यांचा रंग जसाच्या तसा होता. दोन वर्षं त्यांनाच निळं नीट दिसत नव्हतं, आणि नेमक्या त्याच दोन वर्षांत त्यांनी यंत्राला रंग शिकवले होते.

पहिला विचार आला तो शमशादचा. शमशाद नदाफ दोन घरं सोडून राहायची, मालनआक्कांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. पहिली कोंबडी तिला त्यांनीच दिली होती, फुंकर मारायलाही त्यांनीच शिकवलं. दोन वर्षांमागं तपासणीच्या दिवशी तिनं एक पिल्लू पुढं केलं आणि हे लव्हेंडर आहे म्हणाली. मालनआक्कांनी फुंकर मारली आणि मळका पांढरा, बाद, असं सांगितलं. जन्मात उलट न बोललेली शमशाद त्या दिवशी बोलली, परत बघा म्हणाली. तेव्हा मालनआक्कांनी चारचौघांत तिला विचारलं होतं की फुंकर कोणी कोणाला शिकवली. सगळे हसले होते. त्यानंतर शमशादचं चहाला येणं बंद झालं. कोंबड्या मात्र तिनं त्याच वाढवल्या, अंडी केंद्रावर देत राहिली, आणि यंत्र दर खेपेला ती बाद करत राहिलं. गेल्या पंधरवड्यात त्या पिल्लाची आई म्हातारपणानं गेली. जायच्या आधी घातलेली शेवटची अकरा अंडी केंद्रावर होती.

अकरा वाजता मालनआक्कांच्या फोनवर शमशादचा निरोप आला. दोन वर्षांनंतरचा पहिलाच. केंद्राचा अहवाल तिनं पुढं पाठवला होता: अंडी अकरा, अकराही जिवंत, अकराही मळका पांढरा. दोष. आज संध्याकाळी पाचला थंड खोलीत. खाली शमशादनं एवढंच लिहिलं होतं, ‘हे पण बरोबरच का, आक्का?’

मालनआक्का तशाच उठून शमशादकडं गेल्या. ती अंगणवाडीत मदतनीस, या वेळी घरी नसायची. त्यांनी परसाचं फाटक उघडलं, त्या अंड्यांचा बाप असलेला कोंबडा पकडला, उलटा धरला आणि फुंकर मारली. डाव्या डोळ्याला मळकं पांढरं दिसलं. उजव्याला रुपेरी आणि त्यात ती जांभळट निळी झाक, मुळापासून टोकापर्यंत. इतका स्वच्छ लव्हेंडर त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिला असेल. कोंबडा खाली सोडताना त्यांना भडभडून आलं. असे किती आपण बाद केले याचा हिशेब करायचीही त्यांना भीती वाटली.

घरी येऊन त्यांनी सानिकाला फोन लावला. सानिकाला सगळं समजायला मिनिटभर लागलं नाही. अंडी वाचवायचा एकच रस्ता होता आणि तो दोघींनाही ठाऊक होता. यंत्रानं बाद केलेला ट्रे हातानं थांबवता येत नाही. मूळ परीक्षकानं, म्हणजे मालनआक्कांनी, आपली पारख लेखी मागं घेतली तरच थांबतो, पण मग त्या पारखेवर शिकलेली पाचही जिल्ह्यांतली यंत्रं त्याच क्षणी बंद पडतात. आणि सोमवारी सानिका ‘नजर’ घेऊन दिल्लीला निघणार होती. देशभरच्या केंद्रांसाठी यंत्र निवडायची ती बैठक. सहा वर्षं ती त्या दिवसासाठी राबली होती.

“आई, एक आठवडा थांब,” सानिका म्हणाली. “सोमवार होऊ दे. मग आपण दोघी बसून सगळं दुरुस्त करू. मी शब्द देते.”

“पाचला अंडी गार पडतील गं.”

“अकरा अंडी आहेत, आई.”

मालनआक्कांनी फोन ठेवला. 

आता असं सांगायला मला आवडलं असतं की मालनआक्का तडक निघाल्या. पण तसं झालं नाही. त्यांनी चहा केला, तो गार होऊन साय धरेपर्यंत समोर ठेवला. बारा वाजले, दोन वाजले, तीन वाजले. मनाशी त्या सारख्या घोकत राहिल्या की असतील अंडी खरंच मळकी, आपण काय आत जाऊन पाहिलंय. लेकीचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. आणि खरं सांगायचं तर लेकीच्या आड त्या स्वतःलाही लपवत होत्या. उद्या गावात कोणी म्हणेल, मालनबाईला दिसत नव्हतं आणि ती कोंबड्यांना नावं ठेवत होती. हे ऐकायची त्यांची तयारी नव्हती. साडेचारला त्या परसात गेल्या तेव्हा साळू लिंबांवर तशीच बसून होती, पिसं फुलवून, कोणी जवळ आलं तर चोच मारायच्या तयारीनं. लिंबू तिनं दिवसभरात तीनदा पोटाखाली फिरवून घेतलं असेल, अंडं फिरवतात तसं. मालनआक्कांनी पायांत चपला घातल्या आणि रिक्षा बोलावली.

केंद्रावर पोहोचायला पाच वाजून दहा मिनिटं झाली. ट्रे पाचच्या ठोक्याला आत गेला होता.

केंद्राचे व्यवस्थापक संकपाळ, माणूस सरळ. मालनआक्कांना पाहून ते उभे राहिले. त्यांनी ऐकून घेतलं, एकदा त्यांच्या एका डोळ्याकडं पाहिलं आणि एकदा दुसऱ्याकडं, मग कपाटातून पारख मागं घ्यायचा कागद काढला. सही झाली की इथलं यंत्र तर थांबेलच, बाकीच्या चार जिल्ह्यांतूनही फोन सुरू होतील, असं त्यांनी सांगितलं. परीक्षकाचा शिक्काही जमा करावा लागेल.

“आक्का, लेकीला विचारलंय का?”

“विचारलंय.”

“काय म्हणाली?”

“नको म्हणाली,” मालनआक्का म्हणाल्या आणि पेन मागितलं.

कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘माझ्या नजरेत दोष होता.’ ‘दोष’ त्यांना दोनदा लिहावा लागला. मग संकपाळांना बाकीचा कागद भरायला, शिक्का मारायला, कुलूप उघडायला वेळ गेला. ट्रे बाहेर आला तेव्हा अंडी पस्तीस मिनिटं थंडीत राहिली होती. मालनआक्कांनी एक उचलून गालाला लावलं. गार होतं. केंद्रातली उबवणीची कपाटं बाद झालेलं अंडं परत घेतच नसत, त्यांची तशी रचनाच होती. अंडी कुठं नेणार हे मला सांगू नका, एवढं बोलून संकपाळ खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.

मालनआक्कांनी अंडी पदरात घेतली, पदर पोटाशी आवळला आणि रिक्षावाल्याला खड्डे चुकवायला सांगितलं. घरी येऊन साळूच्या पोटाखालची लिंबं काढली. साळूनं मनगटावर दोनदा चोच मारली. मग पहिलं अंडं पोटाला लागलं तशी ती गप्प झाली, अंग पसरून घेतलं आणि एकेक अंडं चोचीनं आत ओढलं. अकरा अंडी तिला जास्तच होती. कडेची दोन सारखी उघडी पडत.

मग त्या शमशादच्या दारात गेल्या आणि काही हातचं न राखता सगळं सांगितलं. ऑपरेशन, पाळी, कोंबडा, कागद, आणि आपण साडेचारपर्यंत घरात बसून राहिलो तेही. शमशादनं भाकरीचं पीठ मळता मळता ऐकलं. रडली नाही, ओरडली नाही.

“दोन वर्षं मला वाटत हुतं, माझंच डोळं गेल्यात,” ती म्हणाली. “गडहिंग्लजला जाऊन चष्माबी करून आले, आक्का. लागत न्हवता तरी.”

 शमशादनं त्यांना बसा म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही.

तो आठवडा मालनआक्कांनी कसा काढला त्यांनाच माहीत. थंडीत पस्तीस मिनिटं राहिलेली अंडी जगतातही आणि मरतातही. उजेडापुढं धरून बघायचं तर साळूला उठवावं लागलं असतं, आणि तेवढ्यात आणखी गार झाली असती. म्हणून कोणी हात लावला नाही. शमशाद रोज सकाळी अंगणवाडीला जाताना यायची, खुराड्यासमोर दोन मिनिटं उकिडवी बसायची आणि न बोलता जायची.  पाच जिल्ह्यांतून फोन येत होते. कोणी शिव्या घातल्या, कोणी आपली बाद झालेली पिल्लं आठवून रडलं. सानिकाचा फोन तेवढा आला नाही.

रविवारी ती स्वतःच आली. दिल्लीचं जाणं तिनं रद्द केलं होतं, म्हणजे रद्द झालंच होतं. दारात चपला काढताना तिचा चेहरा पाहून मालनआक्कांनी मनाची तयारी केली. पोरीनं आता काय वाटेल ते बोलावं, आपण ऐकून घ्यायचं. सानिका आत आली, पाणी प्यायली आणि रिकामा पेला खाली ठेवला.

“आई, यंत्राला शंका आली होती,” ती म्हणाली. “दुसऱ्या वर्षी. तुझी आधीची नावं आणि नंतरची नावं जुळत नव्हती, विशेषतः निळ्यात. यंत्र मला परत परत विचारत होतं. मी ती शंका काढून टाकली.”

“का गं?”

“आईचं रंगात चुकेल असं कसं म्हणणार? मला वाटलं यंत्रच चुकतंय. मी त्याला तुझ्या बाजूनं वळवलं.”

 मग मालनआक्कांना रडू आलं, आणि ते लेकीसाठी होतं की स्वतःसाठी ते त्यांना सांगता आलं नसतं. सानिका उठून त्यांच्याजवळ येऊन बसली. डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली होती, तेवढे तिनं घातले.

संध्याकाळी तिनं कामाचा विषय काढला. अकरा हजारांतली कोणती नावं चुकली हे शोधायचं तर पिवळ्या डोळ्याला काय दिसत होतं हे कळायला हवं होतं, आणि तो डोळा अजून शाबूत होता. डाव्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. ते लांबवायचं मालनआक्कांनीच सुचवलं. रोज दिव्याखाली बसायचं, एकेक पक्षी आधी डाव्या डोळ्यानं बघायचा, मग उजव्यानं, आणि दोन्ही नावं सांगायची. सानिका चालेल म्हणाली. दोन वेगळ्या डोळ्यांनी वावरताना जिना उतरायचा अंदाज चुकायचा, डोकं दुखायचं. त्याबद्दल मालनआक्कांनी चकार शब्द काढला नाही.

शुक्रवार उजाडला. एकविसावा दिवस. शमशादनं सुट्टी टाकली होती. तिघी सात वाजल्यापासून खुराड्यासमोर बसून होत्या. आठ वाजता काही नाही. नऊला काही नाही. साळू डोळे मिटून बसली होती. शमशादच्या हातातली ओढणी पिळून पिळून दोरी झाली होती. साडेनवाला साळूनं घशातल्या घशात एक आवाज काढला, पिल्लांशी बोलतानाच काढतात तसा. मालनआक्कांनी कान लावला. आतून टकटक ऐकू येत होती.

दुपारपर्यंत चार अंडी फुटली. बाकीची सात तशीच राहिली. त्यांना हात लावून शमशाद बराच वेळ बसली आणि मालनआक्कांनी मान खाली घातली. साडेचारपर्यंतचा तो चहा त्यांना आठवत होता.

पिल्लं वाळून फुलली तशी सानिकानं यंत्राची पेटी आणून ठेवली आणि रंगाचं नाव टिपून घ्यायला आवाजाचं रेकॉर्डिंग सुरू केलं. सवयीनं दोघी मालनआक्कांकडं पाहायला लागल्या. पहिलं पिल्लू त्यांच्या तळहातावर आलं. पाच बोटं, काळी चोच. त्यांनी ते उलटं धरलं. उजव्या डोळ्याला रंग दिसला, अगदी स्वच्छ दिसला, नाव जिभेवर आलं. फुंकर मारायला त्यांनी ओठही जुळवले होते. मग त्यांनी पिल्लू शमशादपुढं धरलं.

“तू सांग.”

शमशादनं त्यांच्याकडं पाहिलं. पिल्लू घेतलं. मानेखाली हलकी फुंकर मारली, त्यांनीच शिकवली होती तशी, आणि लव परत मिटेपर्यंत वाट पाहून आणखी एकदा मारली.

“लव्हेंडर,” ती म्हणाली. “दोन वर्षांमागं पण लव्हेंडरच हुतं, आक्का.”

“व्हय,” मालनआक्का म्हणाल्या. “हुतं.”

सानिकानं दोघींचेही आवाज टिपून घेतले आणि दुसरं पिल्लू उचलून शमशादच्या हातात दिलं.